आधी डोस, मग तबकडी

दवाखान्यात रुजू होऊन मला चौथा दिवस होता. रविवार, दुपारचे चार. डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरून बैलगाडीत घालून आणलेली पहिलटकरीण आतल्या खोलीत अडली होती आणि मी घामाने निथळत होते. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर कंपाउंडर दामूभाऊ उभे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, चेहरा गंभीर. मला वाटलं, गरम पाणी हवं का विचारायला आले असतील.

"बाई, अजून किती टाइम लागंल?"

"का? शहापूरला गाडी पाठवताय?"

"नाय. फोनोवर दुसरी तबकडी लावायची हाय. मधीच ही ओरडली तं लोकांचा रस जातो."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते शब्द नर्सिंगच्या शाळेत शिकवत नाहीत, पेणला आमच्या आळीत शिकवतात. दामूभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मंग तिलाच इचारा." आणि त्या पोरीने दोन कळांच्या मधल्या उसंतीत, दात-ओठ खात सांगितलं, "लावू दे गो बाय. मगाधरनं ऐकतंय. पुढं काय होतं तं कळंल तरी."

लावली. भिंतीपलीकडे नगारे वाजले, तुताऱ्या वाजल्या आणि शंभर-दीडशे माणसं एकदम ओरडायला लागली. कुठल्या भाषेत, देव जाणे. त्या गदारोळात ही किती ओरडली ते तिचं तिलाही कळलं नसेल. मुलगी झाली, ठणठणीत. दाराबाहेरून आवाज आला, "जमलं." बाळंतपण की तबकडी, ते मी विचारलं नाही.

किन्हवलीहून डोळखांबकडे जाताना आमचं गाव लागतं. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. डॉक्टर शहापूरहून आठवड्यातून एकदा, गुरुवारी, सायकलीवरून यायचे. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे दामूभाऊ, आणि मी गेल्यावर दामूभाऊ आणि मी. ते मुरबाडकडच्या भातशेतीवाल्या घरातले. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, दुसरी केली नाही. एवढं मला ठाऊक. बाकीचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

या माणसाचं सगळं कानावर चालायचं. बाटलीत औषध किती उरलंय ते डोळ्यांनी बघत नसत, कानाजवळ नेऊन हलवत. "दोन दिस पुरंल," म्हणत, आणि ती दोन दिवसच पुरे. रस्त्यावर गाडी वाजली की आसाच्या करकरीवरून कुणाची ते सांगत. ओटीवर कुणी खोकला की आत बसल्या बसल्या बाटली काढून ठेवत. रोगी आत येऊन आपली कहाणी सुरू करायचा, तर हे म्हणत, "समजलं. बस." डॉक्टर नळी लावून पाच मिनिटं छाती ऐकत आणि शेवटी दामूभाऊंनी काढून ठेवलेली बाटलीच लिहून देत. डॉक्टरांना याचा राग येत असे. मलाही येत असे, कारण माझ्या खोलीतलं कोण खरं कळवळतंय आणि कोण सासूला ऐकवायला कळवळतंय, तेही हे बाहेरून ओळखत.

आमच्या भागाला तेव्हा हिवतापाने पछाडलं होतं. भात पोटरीला आलं की घरटी एक माणूस गोधडीखाली कुडकुडत पडलेलं. त्यावर औषध एकच, क्विनीन. आणि क्विनीन म्हणजे कडू जहर. माणसं घोट तोंडात धरून "घेतला, घेतला" अशी मान हलवायची आणि फाटकाजवळच्या पेरूच्या बुंध्याशी जाऊन थुंकायची. दामूभाऊंनी धाक घातला, शपथा घातल्या, एकाचं तर नाक दाबून पाजलं. त्याने घरी जाऊन ओकून टाकलं. मग त्या तबकड्या आल्या.

तानशाच्या पाण्याच्या नळाच्या कामावर एक गोरा साहेब होता. इंग्रज नव्हे, झेकोस्लोव्हाकियाचा. हे नाव दामूभाऊंनी पाठ केलं होतं आणि न अडखळता म्हणायचे. साहेबाला हिवताप झाला, तेव्हा दामूभाऊंनी तीन आठवडे त्याची उस्तवार केली. बरा होता होता साहेब रोज तबकड्या लावायचा. पुढे लढाई लागली आणि तो आपल्या देशासाठी लढायला म्हणून निघून गेला. जाताना भोंग्याचा फोनो आणि नऊ तबकड्या दामूभाऊंच्या हवाली केल्या. परत आलो की नेतो, म्हणाला. आला नाही. पत्रही नाही.

त्या नऊ तबकड्यांवर मिळून एकच गाणं होतं. गाणं म्हणजे पूजाच, त्यांच्या देवळातली, पण नेहमीची नव्हे. साहेबाच्या लोकांच्या जुन्या भाषेतली, जी आता बाजारात कुणी बोलत नाही. त्यात नगारे काय, तुताऱ्या काय, आणि एक पेटी होती म्हणे घराएवढी, ती तर अंगात आल्यासारखी वाजायची. मी दामूभाऊंना एकदा विचारलं, ही कसली हो पूजा? ते म्हणाले, "हळू बोलून देवाला कळत नाय असं ज्यांना वाटतं, त्यांची."

सुरुवातीला ते एकटेच ऐकत. मग रविवारी किन्हवलीच्या बाजारावरून परतणारी माणसं ओटीवर टेकायला लागली. त्यांत नारूबुवा होते, आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले, नाकासमोर चालणारा शेतकरी माणूस. नारूबुवांनी पहिल्या दिवशी ऐकलं आणि म्हणाले, "ही माणसं मनापासनं म्हणतायत." झालं. बुवांनी पावती दिल्यावर गावाची काय टाप! पुढच्या रविवारी ओटी भरली, त्याच्या पुढच्या रविवारी अंगण. पाड्यांवरून माणसं डोंगर उतरून यायला लागली, बायका पोरं काखेला मारून.

दामूभाऊंनी ही गर्दी बघितली आणि फाटकाशी मोरीचं पिंप आणि वाटी घेऊन उभे राहिले. पिंपात क्विनीनचं मिश्रण. आधी डोस, मग तबकडी. तोंडात धरून आत जायची सोय नाही, प्यायल्यावर "झेकोस्लोव्हाकिया" म्हणून दाखवायचं. तोंड भरलेलं असताना ते म्हणता येत नाही, बघा करून. लोक तीर्थ घ्यावं तशी वाटी घेत, डोळे मिटून गिळत, तो शब्द म्हणत आणि तोंडं वाकडी करत आत जाऊन बसत. वर्षअखेरीला आमच्या दवाखान्यात खपलेलं क्विनीन बघून वरून शाबासकीचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते भिंतीवर लावलं.

तबकड्यांचा क्रम काय, हे साहेब सांगून गेला होता खरा, पण कसरीने कागदाची लेबलं खाल्ली आणि दामूभाऊंना खात्री वाटेना. मग नारूबुवांनी भजनाच्या रीतीने क्रम लावून दिला. गाजावाजा करणारी आधी, म्हणजे गजर. मग संथ, मग मागणं मागणारी, आणि ती घराएवढी पेटी पिसाळते ती शेवटाला. शेवटी पुन्हा गजर. चार वर्षं याच क्रमाने ऐकलं सगळ्यांनी, आणि मधून कुणी उठायचं नाही हाही भजनाचाच नियम.

एकदा ठाण्याकडचे एक पाद्रीबाबा घोड्यावरून चालले होते, ते आवाज ऐकून फाटकाशी थबकले. डोस त्यांनाही चुकला नाही. तो शब्द मात्र त्यांनी पहिल्या फटक्यात म्हटला, लोकांना कौतुक वाटलं. सगळं ऐकून झाल्यावर ते उठले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, तुमचा क्रम साफ चुकलाय. वर हेही म्हणाले की हे देवळात लावण्याजोगं नव्हेच. असली पूजा त्यांना पसंत नव्हती. यात गुडघे टेकणं कमी आणि रानात हाकारा घालणं जास्त, म्हणाले.

"रानातलं हाय म्हंता?" नारूबुवांनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"मंग आमालाच दिली ती बरोबर जागी आली."

पाद्रीबाबा फाटकाकडे गेले. घोड्याला पाणी पाजलं, आणि दामूभाऊंना विचारलं, ती संथ एकदा पुन्हा लावता का. त्यानंतर चार-पाच रविवार आले. पसंत नाही म्हणायचे आणि पुढे बसायचे.

लढाई लांबली तशा मुंबईत फोनोच्या पिना मिळेनाशा झाल्या. दामूभाऊंनी काटे लावून बघितले. बाभळीचा खरखरतो, बोरीचा वाकतो. गेळाचा वाळवून तिरपा कापला की बायकांचे आवाज गोड येतात, पण तुताऱ्या मरतात. रोगी येताना मुंडाशात काटे खोवून आणू लागले, आणि दामूभाऊ नाडी बघायच्या आधी काटे बघू लागले. एकाच्या टाचेत काटा मोडला होता. दामूभाऊंनी चिमट्याने अलगद काढला, उजेडात धरला, "चांगला हाय" म्हणाले आणि डबीत ठेवला. टाचेला टिंक्चर लावायचं मी आठवण केली.

मी स्वतः या भजनात कधी बसले नाही. माझे कान किटले होते. रविवारी चार वाजले की मी आतल्या खोलीचं दार लावून कापसाचे बोळे वळत बसे आणि त्या मेल्या साहेबाचा उद्धार करी. "बाई, एकदा येऊन ऐका," दामूभाऊ म्हणत. मी म्हणे, "इथे काय, मला शहापूरलासुद्धा ऐकू येईल."

आता खरी गोष्ट. सगळ्या गावाला क्विनीन पाजणारा हा माणूस स्वतः क्विनीनचा थेंब घेत नसे. मला हे कळलं तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. मी म्हटलं, काय हो, लोकां सांगे ब्रह्मज्ञान? तेव्हा त्यांनी सांगितलं. क्विनीनने कानात घूं होतं, ते सगळ्यांनाच होतं, चार दिवसांत जातं. यांचं जात नसे. तरुणपणी पहिला पुरा डोस घेतला तेव्हा पंधरा दिवस रातकिडे ओरडत राहिले. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा उजवा कान महिनाभर बंद पडला, आणि उघडला तो अर्धाच. सगळं आयुष्य ज्यांवर चालवलं त्यांतला दीड कान उरला होता.

"तिसऱ्यांदा घेतला तं संपलं. तवा मला ताप आला तं क्विनीन द्यायचं नाय. गुळवेल द्या, किराईत द्या. कायपन द्या."

"आणि मेलात तर?"

"ते बघू. पन दिलंत तं रविवारचं काय?"

मी "बरं" म्हटलं. दवाखान्यात दिवसाला शंभर वेळा म्हणते तसं. त्यांनी ते शब्द दिल्यासारखं घेतलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

चौथ्या वर्षी, आश्विनात, त्यांना ताप आला. तीन दिवस त्यांनी लपवला. मला कळला तो असा की ओटीवर एक म्हातारा खोकला आणि यांनी भलतीच बाटली काढली. कपाळाला हात लावला तर तवा. मी क्विनीनची बाटली उचलली, तर माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "तुमी 'बरं' बोललेलात." शनिवारी किराईत घेतलं. रविवारी दात वाजत असताना फाटकाशी उभं राहून दीडशे माणसांना वाट्या पाजल्या, नऊच्या नऊ तबकड्या लावल्या आणि शेवटचा गजर संपल्यावर तिथेच आडवे झाले. लोकांना आधी वाटलं, तल्लीन झालेत.

सोमवारी सकाळी शुद्ध नव्हती. मान ताठ, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. असे मी किती तरी बघितले होते, आणि त्यांतले किती उठले तेही मला ठाऊक होतं. डॉक्टर यायला तीन दिवस. माणूस पाठवला तो सांगत आला, डॉक्टर ठाण्याला गेलेत. शेजारी नारूबुवा बसले होते.

"बाई, काय ते करा."

"त्यांनी सांगितलंय, द्यायचं नाही. मी बरं म्हटलंय, बुवा."

"मला नाय सांगितलं. मी सांगतो, द्या."

बुवांचं सोपं होतं. सुई माझ्या हातात होती. या माणसाला मी चार वर्षं शिव्या घातल्या होत्या आणि त्याच्यावाचून त्या दवाखान्यात एक दिवस उभी राहिले नसते, हे मला त्या खाटेशी कळलं. दहा ग्रेन भरलं आणि रडत रडत टोचलं. संध्याकाळी पुन्हा. मंगळवारी, बुधवारी, तसंच.

गुरुवारी डोळे उघडले. डॉक्टर आले होते, ते खाटेशी उभे राहून बरंच बोलले. दामूभाऊ त्यांच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. डॉक्टर गेल्यावर भिंत धरत उठले, फळीवरची एक बाटली काढली, कानाजवळ हलवली. ठेवली. दुसरी काढली, हलवली. तिसरी घेतली नाही.

मग हिशेबाची पाटी माझ्यासमोर धरली. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, जरा मोठा.

"कोनी दिलं?"

मी लिहिलं, मी.

"किती?"

दहा ग्रेन. सहा वेळा.

त्यांनी पाटी हातात घेऊन विचार केला. "बरोबर हाय," म्हणाले. "मीपन तेवढंच दिलं असतं." आणि थोड्या वेळाने, रागाने नव्हे, नुसतं आठवल्यासारखं म्हणाले, "पन तुमी 'बरं' बोललेलात."

मी त्यांच्या हातातून पाटी काढून घेतली आणि त्यांना खाटेवर नेऊन बसवलं.

दोन महिने फोनोवर धडपा पडून होता. दामूभाऊ कामावर येत, लोक पाटीवर आजार लिहून दाखवत. लिहिता येणारे थोडे, म्हणून पोटावर हात, डोक्यावर हात. चुकत फारसं नव्हतं, पण आता त्यांना विचारावं लागे. रविवारी माणसं येत, ओटीवर बसत, धडप्याकडे बघत आणि उठून जात. फाटकाशी पिंप नव्हतं. घरोघर नेलेलं क्विनीन पुन्हा झाडाझुडपांना मिळू लागलं. मार्गशीर्षात डोळखांबच्या वरच्या एका पाड्यात सात माणसं तापाने पडली, त्यांतली दोन पोरं गेली. नारूबुवांनी ते पाटीवर लिहवून घेतलं आणि पाटी दामूभाऊंच्या पुढ्यात ठेवली. खाली एवढंच होतं: लोक नुसता डोस घेत नाहीत.

दामूभाऊंनी पाटी पुसली. काट्यांची डबी काढून त्यातले तिरपे कापायला बसले.

माझी मुरबाडला बदली झाली होती. त्या दवाखान्यातला तो माझा शेवटचा रविवार. फाटकाशी पिंप होतं, वाटी होती. एकेक जण पीत होता, तो शब्द म्हणत होता, आणि दामूभाऊ ओठ बघून मान हलवत होते. कापसाची टोपली घेऊन मी आत चालले होते, तर वाटी माझ्यापुढेही आली. मी प्यायले, म्हटलं, आणि आतल्या खोलीत न जाता पुढे जाऊन बसले.

त्यांनी चावी दिली, काटा ठेवला. एरवी भोंग्याला कान लावून, लोकांकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी भोंग्याशेजारी आमच्याकडे तोंड करून बसले आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवायला लागले. नारूबुवांचा हात मांडीवर ठेका धरत होता, त्याकडे बघून त्यांचीही बोटं हलत होती. तबकडीमागून तबकडी गेली. मी चार वर्षं ज्याला आरडाओरडा म्हणत आले ते ऐकत होते. एका जागी सगळे गप्प होतात. एकटी बाई काहीतरी मागते, अगदी साधं, शेजारणीकडे मागावं तसं. मग ती आवाज चढवते आणि तिच्या मागून सगळी माणसं धावत येतात. मला काय झालं कुणास ठाऊक. पदर तोंडात कोंबला तरी हुंदका राहीना.

दामूभाऊंनी ते बघितलं. पुढे वाकले.

"ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं!" मी जीव तोडून ओरडले. एवढं तरी त्यांच्या कानांत जावं म्हणून ओरडले. "आलं, भाऊ, आलं!"

सगळं अंगण वळून माझ्याकडे बघायला लागलं. दामूभाऊंनी त्या माना वळताना पाहिल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बाई," ते म्हणाले. "लोक ऐकतायत."